स्टीलची भांडी घेताना : चकाकी, चुंबक आणि पावती

आज आपल्यापैकी कोणाच्याही घरी गेले तरी स्वयंपाकघरातील मांडणीवर स्टीलची भांडी ओळीने लावलेली दिसतात. आपल्या आजी-आजोबांच्या काळी हे चित्र नव्हते. त्या वेळी स्वयंपाक मातीच्या नाहीतर जर्मनच्या भांड्यात होत असे. ज्यांच्याकडे पितळेची दोन पातेली असत त्यांना कल्हईवाल्याची वाट पाहावी लागे. पुढे स्टील आले आणि घरोघर रुजले. जुन्या कपड्यांच्या बदल्यात बोहारणीशी तासभर घासाघीस करून आईने मिळवलेला डबा, लग्नात आहेर म्हणून आलेला व देणाऱ्याचे नाव कोरलेला तांब्या, वडिलांनी बोनसच्या पैशातून आणलेले पाण्याचे पिंप, ही आपल्या घरांतली जपून ठेवण्याची मालमत्ता होय. सोने घेणे सर्वांनाच जमले नाही, पण स्टील जमले.

परंतु याच भांड्याकडे बोट दाखवून "हे कोणत्या स्टीलचे?" असे विचारले तर उत्तर काय मिळते? कोणी म्हणतो, "चांगल्या स्टीलचे आहे." कोणी म्हणतो, "जाड आहे, वीस वर्षे काही होणार नाही." आणि थोडा जाणकार असेल तो म्हणतो, "चुंबक लावून पाहिले आहे, चिकटत नाही." ही तिन्ही उत्तरे अपुरी आहेत, हे आम्हाला फार उशिरा कळले.

आम्ही काही धातुशास्त्राचे अभ्यासक नाही. आम्ही बँकेत कारकून, आणि शिक्षण कला शाखेचे. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहोत, त्याला एक घटना कारणीभूत आहे.

संस्थेच्या भांड्यांची गोष्ट

काही वर्षांपूर्वी सामुदायिक भोजनासाठी व सभासदांच्या घरच्या लग्नकार्यासाठी संस्थेची स्वतःची भांडी असावीत असे ठरले. घरोघर फिरून वर्गणी गोळा करण्यात आली. कोणी पाचशे रुपये दिले, तर धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींनी पदराच्या गाठीतून अकरा रुपये काढून दिले. खरेदी समितीत आम्ही होतो. दुकानदाराने चकचकीत टोप पुढे ठेवले आणि तोंडाने सांगितले, "साहेब, एक नंबर माल, तीनशे चार." आम्ही बरोबर नेलेले चुंबक टोपाला लावले. ते चिकटले नाही. आम्ही मान डोलावली, भाव ठरला आणि दोन मोठे टोप, दोन पराती, एक पिंप, ओगराळी व झारे असा माल टेम्पोत चढला. पावतीवर लिहिले होते, "स्टील भांडी", आणि पुढे वजन व रक्कम.

पहिल्याच वर्षी एका कार्यक्रमानंतर उरलेली आमटी रात्रभर टोपात राहिली. सकाळी धुतल्यावर बुडाला टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसले. घासले की जात, पुन्हा दिसत. दोन पावसाळ्यांनंतर त्या ठिपक्यांचे बारीक खड्डे झाले आणि एका टोपाला तर भोक पडून पाणी झिरपू लागले. आम्ही दुकानदाराकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "मी तीनशे चार असे कुठे लिहून दिले आहे? पावती दाखवा."

पावती आमच्याच फाईलमध्ये होती आणि तिच्यावर खरोखरच काही लिहिलेले नव्हते. बँकेत एखाद्या व्हाउचरवर तपशील नसेल तर आम्ही ते पुढे सरकू देत नाही. तिथे दुसऱ्याच्या पैशाची इतकी काळजी घेणाऱ्या आम्ही इथे मावशींच्या अकरा रुपयांची काळजी एका चुंबकावर सोपवली होती. ही चूक आमची. तीच इतरांकडून होऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच.

स्टेनलेस म्हणजे काय?

साध्या लोखंडाला पाणी व हवा लागली की गंज चढतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. हाच गंज पुढे पुढे खात जातो. पण लोखंडात साधारण साडेदहा टक्के किंवा त्याहून अधिक क्रोमियम हा धातू मिसळला, तर एक वेगळीच गोष्ट घडते. क्रोमियमचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार होतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या दोनचार भागांएवढीच त्याची जाडी असते. हा थर डोळ्यांना दिसत नाही, पण तोच आतील लोखंडाचे रक्षण करतो. त्यावर ओरखडा उठला तरी हवा मिळताच तो पुन्हा भरून येतो. कल्हई उडाली की ती पुन्हा करावी लागते, तर इथे धातू स्वतःच स्वतःला कल्हई करतो, असे म्हटले तरी चालेल.

हा शोध फार जुना नाही. इंग्लंडमधील शेफिल्ड हे शहर सुऱ्या-चाकूंसाठी प्रसिद्ध होते. तेथे १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून निरनिराळ्या मिश्रणांचे प्रयोग करीत होते. त्यातून सुमारे तेरा टक्के क्रोमियम असलेले, न गंजणारे पोलाद त्यांच्या हाती लागले. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कंपनीतील संशोधकांनी क्रोमियमबरोबर निकेल मिसळून आणखी एक प्रकार तयार केला. आपल्या घरातील चांगल्या पातेल्याचे मूळ या दुसऱ्या प्रकारात आहे. आपल्या देशात तामिळनाडूतील सेलम येथील सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यात १९८१ पासून स्टेनलेस स्टीलचा पत्रा निघू लागला. त्यानंतर "सेलम स्टील" हे शब्द आपल्याकडील दुकानांतूनही ऐकू येऊ लागले, हे ज्येष्ठ सभासदांना आठवत असेल.

आकड्यांचा अर्थ

स्टेनलेस स्टील हा एकच धातू नसून ते एक मोठे कुटुंब आहे. कुटुंबातील व्यक्ती ओळखण्यासाठी आकडे दिलेले आहेत. भांड्यांच्या संदर्भात त्यातील चारपाच आकडे समजले तरी पुरे.

३०४ : यात सुमारे १८ टक्के क्रोमियम व किमान ८ टक्के निकेल असते. यालाच १८/८ असे म्हणतात. पहिला आकडा क्रोमियमचा आणि दुसरा निकेलचा, हे लक्षात ठेवले की कोडे सुटते. १८/१० म्हणजे निकेल थोडे अधिक. मीठ, चिंच, टोमॅटो, ताक अशा रोजच्या पदार्थांना हे स्टील चांगले तोंड देते. स्वयंपाकाच्या भांड्यासाठी हीच नेहमीची शिफारस असते.

३१६ : यात निकेल १० टक्क्यांहून अधिक आणि शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. त्यामुळे मिठाशी टक्कर देण्याची ताकद वाढते. समुद्रकाठची यंत्रसामग्री, औषधांचे कारखाने येथे ते वापरतात. घरच्या आमटी-भातासाठी एवढा खर्च करण्याचे कारण नाही.

२०१ व २०२ : यात निकेल साधारण साडेतीन ते सहा टक्के आणि त्याची उणीव भरून काढण्यासाठी मँगनीज साडेपाच ते दहा टक्के असते. चकाकी ३०४ सारखीच, पण गंजाला तोंड देण्याची ताकद त्यापेक्षा कमी.

जे-४ : बाजारात या नावाने ओळखला जाणारा पत्रा २०० च्याच घराण्यातला. यात निकेल जेमतेम एक टक्क्याच्या आसपास, क्रोमियमही १५-१६ टक्के, मँगनीज भरपूर आणि थोडे तांबे असते. स्वस्त डबे, ताटे, वाट्या यांत तो मोठ्या प्रमाणावर असतो.

४३० : यात १६ ते १८ टक्के क्रोमियम असते, निकेल जवळजवळ नसते. म्हणून त्याला १८/० असेही म्हणतात. याला चुंबक चिकटते. याच्याच जवळचे ४२० हे स्टील कडक करता येते, म्हणून त्याच्या सुऱ्या बनवतात.

स्वस्त पत्रा का निघाला?

या साऱ्या फरकाच्या मुळाशी निकेल आहे. निकेल महाग असते आणि आपल्या देशाला ते बाहेरून आणावे लागते. त्याचे भाव किती उसळू शकतात याचे उदाहरण आम्ही बँकेत बसून वर्तमानपत्रात वाचले होते. ८ मार्च २०२२ रोजी लंडनच्या धातू बाजारात निकेलचा भाव टनाला एक लाख डॉलरच्या वर गेला आणि बाजाराला व्यवहारच थांबवावे लागले. अशा धातूला पर्याय शोधणे कारखानदारांना भागच होते. निकेलच्या टंचाईमुळे १९५० च्या दशकात अमेरिकेत २०० च्या मालिकेतील स्टील पुढे आले, ते याच गरजेतून.

तेव्हा २०२ किंवा जे-४ म्हणजे बनावट माल, असे समजण्याचे कारण नाही. कमी निकेलच्या भांड्यांच्या पत्र्यासाठी आयएस १५९९७ हे वेगळे भारतीय मानकही आहे. या पत्र्याच्या डब्यात तांदूळ, डाळ, साखर ठेवली तर काहीही बिघडत नाही. फसवणूक होते ती २०२ चा माल ३०४ म्हणून व ३०४ च्या भावाने विकला जातो तेव्हा. दोष धातूचा नसतो, बोलण्याचा असतो.

चुंबकाची कसोटी कुठे चुकते?

आता आमच्या चुकीकडे वळू. चुंबक चिकटले नाही म्हणजे ३०४, हा समज सर्वत्र पसरलेला आहे. परंतु वर दिलेला २०१, २०२ व जे-४ चा पत्रादेखील चुंबकाला ओढत नाही. मँगनीज व नायट्रोजन हे निकेलप्रमाणेच पोलादाची आतील रचना अशी ठेवतात की चुंबकाचा तिच्यावर परिणाम होत नाही. म्हणजे चुंबक न चिकटल्याने एवढेच कळते की भांडे ४३० चे नाही. ते ३०४ चे आहे की २०२ चे, हे चुंबकाला सांगता येत नाही.

याच्या उलटही घडते. अस्सल ३०४ चे पातेलेही काठाला किंवा दुमडलेल्या भागाला चुंबक किंचित ओढते. पत्रा थंड अवस्थेत दाबून, ओढून, वाकवून भांडे घडवतात. त्या ताणामुळे तेवढ्या भागातील आतील रचना बदलते आणि थोडे चुंबकत्व येते. अशा वेळी अजाण ग्राहक चांगले भांडे "बनावट" म्हणून परत करतो आणि शेजारचे २०२ चे समाधानाने घेऊन येतो!

शिवाय जे चुंबकाला चिकटते ते वाईट, हेही खरे नाही. इंडक्शनच्या शेगडीवर भांडे तापण्यासाठी त्याचे बूड चुंबकाला ओढणारेच असावे लागते. म्हणून चांगल्या भांड्यांनाही बाहेरून ४३० चे बूड लावलेले असते. थोडक्यात, चुंबक खोटे बोलत नाही, आपणच त्याला चुकीचा प्रश्न विचारतो.

मग ओळखायचे कसे?

चकाकीवरून नाही, कारण कोणत्याही स्टीलला पॉलिश करून आरशासारखे करता येते. आवाजावरून नाही आणि वजनावरूनही नाही, कारण या सर्व प्रकारांचे घनत्व जवळपास सारखेच असते. "शंभर टक्के स्टेनलेस", "शुद्ध स्टील", "फूड ग्रेड" हे शब्दही ग्रेडचा आकडा सांगत नाहीत. २०२ हेसुद्धा शंभर टक्के स्टेनलेसच आहे.

खात्रीचे मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग रासायनिक थेंबांचा. भंगाराचे व्यापारी मँगनीज ओळखण्यासाठी एक द्रव वापरतात. भांड्यावर त्याचा थेंब टाकून त्याला नऊ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा स्पर्श करतात. मँगनीज अधिक असेल, म्हणजे २०० ची मालिका असेल, तर थेंब काही क्षणांत लाल होतो. आमच्या टोपाची परीक्षा संस्थेच्या एका सभासदाच्या ओळखीने अशीच झाली आणि थेंब लालभडक झाला. हा द्रव तिखट असतो, तेव्हा विद्यार्थ्यांनी तो जाणत्या माणसाशिवाय हाताळू नये आणि तपासलेली जागा नंतर स्वच्छ धुवावी.

दुसरा मार्ग यंत्राचा. बंदुकीच्या आकाराचे एक यंत्र भांड्यावर टेकवले की क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यातील क्रोमियम, निकेल, मँगनीज यांचे प्रमाण काही सेकंदांत पडद्यावर दिसते. धातूची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांत व मोठ्या भंगार व्यापाऱ्यांकडे हे असते. एका वाटीसाठी कोणी तिथे जाणार नाही. परंतु संस्था, वसतिगृह किंवा मंडळ पन्नास किलो माल घेत असेल, तर तपासणीचा खर्च अगदीच किरकोळ ठरतो.

तिसरा मार्ग कागदाचा, आणि सर्वसामान्यांच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्टेनलेस स्टीलच्या व ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक करणारा आदेश काढला. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे मानक आयएस १४७५६ हे आहे. चिन्हासोबत सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मोबाईलवर बीआयएस केअर हे ॲप घेऊन तो क्रमांक टाकला, की परवाना कोणाचा आहे व तो चालू आहे की नाही, हे कळते. मात्र आयएसआय चिन्ह म्हणजे आपोआप ३०४ असे समजू नये. चिन्ह दर्जाच्या कसोटीबद्दल असते, ग्रेड वेगळी विचारून घ्यावी.

आणि विचारून झाल्यावर ती पावतीवर लिहून घ्यावी. "स्टील टोप, ग्रेड ३०४, नग २, वजन अमुक" एवढ्या एका ओळीने तोंडी बोलणे लेखी होते. ज्याचा माल खरा आहे तो दुकानदार आनंदाने लिहून देतो. जो कां-कूं करतो त्याने आपले उत्तर दिलेलेच असते. तेव्हा तेथून उठावे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार माल विशिष्ट दर्जाचा, ग्रेडचा किंवा घटकांचा आहे असे खोटे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावती न देणे हीसुद्धा त्याच व्याख्येत येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे न्यावी लागली, तर पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, मात्र ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. हे हक्क आपल्याला आहेत, पण ते वापरण्यासाठी हातात कागद लागतो.

जाडी व वजन

दुकानात "बावीस गेज", "वीस गेज" असे शब्द ऐकू येतात. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे उलटे गणित अनेकांना माहीत नसते. १८ गेज म्हणजे सुमारे १.२२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९१, २२ गेज म्हणजे ०.७१ आणि २४ गेज म्हणजे ०.५६ मिलिमीटर.

विद्यार्थ्यांनी एक गणित करून पाहावे. ३० सेंटिमीटर व्यासाचे व २० सेंटिमीटर उंचीचे पातेले घ्या. बुडाचे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर आणि बाजूचे १८८४, म्हणजे एकूण सुमारे २५९० चौरस सेंटिमीटर. पत्रा २२ गेजचा असेल तर जाडी ०.०७१ सेंटिमीटर. गुणाकार केला की घनफळ १८४ घन सेंटिमीटरच्या जवळ येते. स्टेनलेस स्टीलच्या एका घन सेंटिमीटरचे वजन सुमारे ७.९ ग्रॅम. म्हणजे पातेले सुमारे १ किलो ४५० ग्रॅमचे व्हायला हवे. तेच २० गेजचे असेल तर १ किलो ८६० ग्रॅमच्या आसपास भरेल. घडवताना पत्रा कुठे पातळ होतो, काठाला दुमडल्याने कुठे वाढतो, म्हणून थोडाफार फरक पडेल. पण दुकानदार २० गेज म्हणत असेल आणि काटा सव्वा किलो दाखवत असेल, तर काहीतरी चुकते आहे हे नववीतील विद्यार्थीही सांगू शकेल. मोजपट्टी, वजनकाटा व वही एवढ्या साधनांवर हा तपास होतो.

बुडाचा प्रश्न

स्टेनलेस स्टीलमध्ये एक उणीव आहे. ते उष्णता फार हळू वाहून नेते. ॲल्युमिनियम त्याच्या दहापटीहून अधिक, तर तांबे वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता पसरवते. म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात दूध मध्येच लागते व कडेला गारच राहते. यावर उपाय म्हणून बुडाला ॲल्युमिनियमची जाड चकती जोडतात, किंवा संपूर्ण पत्राच तीन थरांचा करतात. यालाच ट्रायप्लाय म्हणतात. यात सामान्यतः आत ३०४, मध्ये ॲल्युमिनियम व बाहेर ४३० असते. तांब्याचा नुसता मुलामा दिलेले बूड दिसायला सुंदर असले, तरी तो थर फार पातळ असल्याने उष्णता पसरवण्यात त्याचा विशेष उपयोग होत नाही.

कोणत्या कामाला कोणते?

सगळीच भांडी ३०४ ची घ्यावीत, असे आमचे म्हणणे नाही. तसे केल्यास गरज नसलेल्या ठिकाणी पैसा जाईल. ज्यात पदार्थ शिजतो, ज्यात मीठ व आंबट बराच वेळ राहते, अशी पातेली, टोप, कढया व मुलांचे जेवणाचे डबे शक्यतो ३०४ चे घ्यावेत. पिण्याच्या पाण्याचे पिंप सतत ओले असते, म्हणून तेही ३०४ चे घेतल्यास टिकते. धान्याचे डबे, पराती, झाकण्या, ताटे यांना २०२ चालते, मात्र धुऊन पुसून कोरडी ठेवावीत. भाव २०२ चाच द्यावा, एवढेच.

आरोग्याबद्दल दोन शब्द. २०२ च्या ताटात जेवल्याने विषबाधा होते, अशा अफवांवर विश्वास ठेवू नये. आंबट पदार्थ फार वेळ शिजवल्यास ३०४ मधूनही निकेल व क्रोमियम अत्यल्प प्रमाणात अन्नात उतरतात. भांडे नवे असताना हे प्रमाण अधिक असते व वापराने कमी होत जाते. ज्यांना खोटे दागिने घातल्यावर त्वचेवर पुरळ येते, अशा निकेलची ॲलर्जी असलेल्या व्यक्तींनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. खड्डे पडलेल्या भांड्यात मात्र स्वयंपाक करू नये. त्यातील घाण निघत नाही आणि धातू झिजतच राहतो.

भांड्यांची निगा

उत्तम ग्रेडचे भांडेही निष्काळजीपणाने बिघडते. थंड पाण्यात मीठ टाकून तसेच ठेवू नये. मिठाचे खडे बुडाशी बसतात व तेथेच खड्डे पडू लागतात. पाणी उकळल्यावर मीठ घालून ढवळावे. उरलेले खारट-आंबट अन्न रात्रभर टोपात ठेवू नये, हा धडा आम्ही किंमत मोजून शिकलो आहोत. लोणचे चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीतच शोभते. लोखंडी काथ्याने घासल्यास त्याचे बारीक तुकडे भांड्यावर राहून गंजतात आणि दोष बिचाऱ्या स्टीलला लागतो. कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये भांडी भिजत घालू नयेत, त्यातील क्लोरीनमुळे वर सांगितलेला संरक्षक थर तुटतो. पांढरे डाग हे जड पाण्यातील क्षारांचे असतात, ते चिंचेने किंवा लिंबाने निघतात. निळसर-सोनेरी छटा जास्त तापल्यामुळे येते, ती निरुपद्रवी आहे.

शेवटी

संस्थेने नंतर पुन्हा वर्गणी काढून दोन टोप घेतले. या वेळी ग्रेड, गेज व वजन पावतीवर लिहून घेतले. माल तपासणीत उतरला नाही तर परत घेऊ, असेही दुकानदाराने त्याच पावतीवर सही करून दिले. टोपांची तपासणी झाली, ते खरे ठरले आणि आजही वापरात आहेत. भोक पडलेला टोप भंगारात गेला. जुन्या पराती व दुसरा टोप आता फक्त तांदूळ व भाजी ठेवण्यासाठी वापरतात. भांड्यांवर पूर्वी केवळ संस्थेचे नाव कोरले जाई. आता नावाखाली खरेदीचे वर्ष व ग्रेडचा आकडाही कोरला जातो. पुढे येणाऱ्या कार्यकर्त्यांना आपल्या हातात काय आहे, हे कळावे हा त्यामागील हेतू.

सभासदांना विनंती की, पुढच्या वेळी आहेरासाठी एखादे भांडे घ्याल, तेव्हा त्यावर नाव कोरून घेण्याआधी पावती एकदा वाचून पाहा. आणि विद्यार्थ्यांना सांगावेसे वाटते की, रसायनशास्त्राच्या पुस्तकातील क्रोमियम, निकेल, मँगनीज ही नावे परीक्षेपुरती पाठ करू नका. ती तुमच्या आईच्या मांडणीवर बसलेली आहेत. तिच्याबरोबर दुकानात जा, ग्रेड विचारा आणि लिहून घ्या. आपल्या घरात कष्टाचा पैसा येतो. तो कशात गेला हे समजून घेणे हाही शिक्षणाचाच एक भाग आहे.